वलंदेजाचा बेलचा

आमच्या साइटवर दोन डच होते. एक खरा, हॉलंडहून महिन्यातून एकदा विमानानं येणारा इंजिनियर. दुसरा वेंगुर्ल्याचा. खऱ्या डचाला त्याच्या देशाबद्दल काही विचारलं तर तो खांदे उडवायचा आणि म्हणायचा, शाळेत होतं, विसरलो. वेंगुर्ल्याचा स्वतः विसरायचा नाही आणि दुसऱ्यालाही विसरू द्यायचा नाही. त्याला सगळे वलंदेज म्हणत. आपल्याकडच्या जुन्या कागदांत डचांना वलंदेज म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. समोर मी त्याला काका म्हणत असे, अहोजाहो करत असे. लिहायला बसलो की मात्र तो 'तो'च होतो, त्याला माझा इलाज नाही.

साइट शारजात, हमरिया बंदराच्या पलीकडे, किनाऱ्यावर होती. नव्वदीची शेवटची वर्षं. जहाजं दुरुस्तीला आणायला तिथे सुकी गोदी बांधायची होती. त्यासाठी समुद्रात वाळूचा बांध घातला होता, आतलं पाणी पंपांनी उपसलं होतं आणि भरतीच्या पातळीखाली चार पुरुष खोल अशा त्या खड्ड्यात चाळीस माणसं लोखंड बांधत होती. बांधाच्या एका बाजूला ही माणसं, दुसऱ्या बाजूला समुद्र. मधल्या बांधाचा फोरमन वलंदेज. रोज सकाळी साडेसहाला तो बांधावरून फेरी मारून यायचा, तपासणीच्या तक्त्यावर सही करायचा, आणि त्याची सही झाली की मगच माणसं उतारावरून खाली जायची. मी सर्व्हेयर. बांध खचतो का, ते दुर्बिणीतून मोजून कागदावर मांडायचं माझं काम. मला खरं तर त्या सहीबद्दल सांगायचंय. पण आधी माणूस कळला पाहिजे, नाहीतर सही कळणार नाही.

पन्नाशी ओलांडलेला, बुटका, काटक. डोक्यावर लोकरीची विणलेली टोपी. शारजाच्या उन्हाळ्यात, जिथे लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते, तिथे हा माणूस लोकरीची टोपी घालून हिंडायचा. एका डच गाळउपशाच्या जहाजावर तो तरुणपणी खलाशी होता, तिथल्या कप्तानानं दिलेली ती टोपी. घाम आला की टोपी काढून पिळायचा आणि परत घालायचा. हातात कायम बेलचा. बेलचा म्हणजे आपल्याकडचं वाकड्या पात्याचं फावडं नाही, सरळ पात्याचा, उभा रोवता येतो तो. त्याचा दांडा त्यानं आपल्या उंचीला कापून घेतला होता आणि बाथरूमला जातानासुद्धा तो बाहेर भिंतीला टेकवून ठेवायचा.

त्याच्या केबिनच्या खिडकीत जॅमच्या रिकाम्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असत. वाळूच्या बांधातून पाणी थोडं पाझरतंच, त्याला कोणी अडवू शकत नाही. वलंदेज रोज सकाळी त्या पाझराखाली बरणी धरायचा, भरली की तिथल्या तिथे झाकण घट्ट लावायचा आणि तारखेची चिठ्ठी चिकटवून खिडकीत ठेवायचा. दहा मिनिटांनी तळ बघायचा. तळ स्वच्छ असला की सही.

"पाणी निवळ इला तर बांध घामता," तो म्हणायचा. "गढूळ इला तर बांध जाता."

म्हणजे पाणी नितळ असेल तर ते नुसतं वाळूतून झिरपतंय, पण वाळू घेऊन येत असेल तर आतून बांध पोखरला जातोय. कोणी त्याची टिंगल केली तर तो माझ्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, ह्याला विचारा. मी पेणजवळच्या खारेपाटातला. आमची शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खाली आणि मध्ये मातीचे खारबांध. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस टोपली घेऊन धावणार, मग सकाळी ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याच्या शेजारी उभं राहून चिखल टाकणार, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. वलंदेजाला हे कळलं तेव्हा त्यानं माझा हात हातात धरून ठेवला. "तू खारेपाटातलो," तो म्हणाला, "म्हणजे अर्धो वलंदेज."

त्या दिवसापासून बसमध्ये त्याच्या शेजारची जागा माझी झाली आणि माझी झोप गेली.

संध्याकाळी बस अजमानच्या सिग्नलांना अडकायची. एसी नावालाच, माणसं माना टाकून घोरत असायची आणि वलंदेजाचं व्याख्यान सुरू व्हायचं. त्याचं शिक्षण सातवीपर्यंत. वेंगुर्ल्याला बाजाराजवळ डचांची पडकी वखार आहे, तिच्या मागे त्याचं घर. लहानपणी तो त्या वखारीत बकऱ्या सोडायचा. एकदा शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं की ही ज्यांनी बांधली त्यांचा देश समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. ह्याला वाटलं मास्तर थापा मारतायत. मग जहाजावर गेला, कप्तानाला विचारलं, आणि मास्तर खरं बोलले होते म्हणून जो चाट पडला तो पुढची तीस वर्षं तसाच होता. शारजाच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इंग्रजी पुस्तकं आणायची, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची आणि शाळेच्या वहीत मराठीत उतरवायची, असा त्याचा शुक्रवार.

त्याचं म्हणणं साधं होतं. दुसरीकडे आधी राजा होतो, मग देश. वलंदेजांकडे आधी बांध झाला. बांध राखायला पंचायत लागली. पंचायतीत ज्याची जमीन तो बसला, मग तो सरदार असो की गवळी. पाण्याला कोण मोठा कोण लहान कळत नाही, त्यामुळे त्यांनाही ते बाजूला ठेवावं लागलं. अशी शेकडो वर्षं गेली. मग स्पेनचा राजा त्यांच्यावर कर आणि धर्म लादायला आला, तेव्हा ह्या बांधवाल्यांनी त्याला कागदावर लिहून कळवलं की राजा रयतेसाठी असतो, रयत राजासाठी नाही, तेव्हा तू आमचा राजा नाहीस. हे सांगताना वलंदेज बसमध्ये उभा राहायचा. राजाच्या फौजेनं त्यांच्या एका शहराला वेढा घातला, आत लोक उपाशी मरायला लागले, तेव्हा त्यांनी आपलेच बांध आपल्या हातांनी फोडले, शेतांत समुद्र घेतला आणि त्या शेतांवरून होड्या घालून शहरात भाकरी नेली. पुढच्या सीटवरचा पठाण ड्रायव्हर आरशातून बघायचा आणि म्हणायचा, "चाचा, बैठ जाओ, ब्रेक लगेगा."

पण त्याची भक्ती आंधळी नव्हती. हेच लोक स्वतंत्र झाल्यावर कंपनी काढून जहाजं घेऊन निघाले. आफ्रिकेच्या टोकाला जहाजांसाठी भाजीचे मळे लावले आणि मळ्यांच्या नावाखाली मुलूख घेतला. जावा घेतलं, कोची घेतलं, वेंगुर्ल्याला वखार टाकली, ह्या आपल्या आखातात इराणच्या बाजूच्या बेटावर किल्ला बांधला. आणि बांदा नावाच्या बेटांवर जायफळासाठी तिथली जवळजवळ सगळी माणसं मारून टाकली, उरलेली गुलाम केली. हे सांगताना त्याचा आवाज खाली जायचा. राजाला ज्यांनी तो कागद लिहिला त्यांच्याच नातवंडांनी हे केलं, ते त्याला समजत नव्हतं. ती वहीतली पानं त्यानं लाल शाईनं लिहिली होती.

एकदा खरा डच आला असताना जेवणाच्या सुट्टीत ह्यानं त्याला सरळ विचारलं, बांद्यात तुमच्या लोकांनी काय केलं, माहीत आहे का? केबिनमध्ये मोठे साहेब, म्हणजे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, बसलेले. डच लाल झाला. काटा बशीत ठेवला. मोठ्या साहेबांनी मला डोळ्यांनी खुणावलं की ह्याला बाहेर काढ. मी वलंदेजाचा दंड धरला, पण तो हलेना. मग डच म्हणाला की नाही, हे आम्हाला शाळेत शिकवलं नाही. पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा त्यानं स्वतःच्या मुलाचं इतिहासाचं चित्रांचं पुस्तक आणलं आणि वलंदेजाच्या हातात दिलं. वलंदेजानं त्याला सिमेंटच्या गोणीच्या कागदाचं कव्हर घातलं. मोठे साहेब ती गोष्ट विसरले नाहीत.

कॅम्पातली माणसंही त्याच्यावर खूश होती असं नाही. एकदा बरणीचा तळ गढूळ दिसला म्हणून त्यानं अर्धा दिवस काम बंद पाडलं. नंतर कळलं की कोणीतरी बांधावर ट्रक धुतला होता, तेच पाणी पाझरात आलं. अर्धा दिवस सगळ्यांचा बुडाला. त्या संध्याकाळी कोणीतरी त्याच्या बरण्या फोडल्या. त्यानं काचा झाडून काढल्या, कॅम्पातल्या खोल्यांतून नव्या बरण्या मागून आणल्या आणि चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. मी म्हटलं, काका, आता जरा सांभाळून. तो म्हणाला, दहा वेळा चुकीचा थांबलंय तरी चालात, एकदा चुकीचा उतरलंय तर चालूचा नाय.

बेलच्याची गोष्टही त्यानं बसमध्येच सांगितली. वलंदेजांच्या गावात प्रत्येकाच्या वाट्याला बांधाचा एक तुकडा असे. ज्याला आपला तुकडा राखणं झेपत नसे, त्यानं आपला बेलचा बांधात रोवायचा आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघून जायचं. त्याची जमीन गेली. मग जो कोणी येऊन तो बेलचा उपटेल, त्याची ती जमीन. पण जमिनीबरोबर तो बांधाचा तुकडाही त्याच्या गळ्यात. मी झोपेत हं हं म्हटलं होतं.

त्या डिसेंबरात शमाल सुटला. शमाल म्हणजे उत्तरेचा वारा. तीन दिवस आभाळ पिवळं आणि तोंडात, कानांत, डब्यातल्या भातात वाळू. त्यात अमावास्येची भरती. खरा डच नाताळाला घरी गेलेला. शनिवारी मालकपक्षाची माणसं येणार होती आणि त्याआधी तळाचं काँक्रीट पडलंच पाहिजे, असं मोठ्या साहेबांनी ठरवलेलं.

बुधवारी सकाळी साडेसहाला उताराच्या तोंडाशी चाळीस माणसं हेल्मेटं घालून उभी होती. तोंडाला फडकी बांधलेली. वलंदेज बांधावरून आला तो बरणी हातात घेऊन. तळाला बोटभर वाळू बसली होती.

"मी सही करूचंय नाय," तो म्हणाला. "माणसां उतरूची नाय."

मोठ्या साहेबांनी बरणी हातात घेऊन बघितली आणि हसले. चारही बाजूंनी वाळू उडतेय, चहात वाळू आहे, माझ्या दाढेत वाळू आहे, मग बरणीत नसेल? हे ते हिंदीत म्हणाले आणि दोनचार माणसंही हसली. बोलणं पटण्यासारखं होतं. पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी साहेबांना ठाऊक नव्हती. वलंदेज बरणी अंगाच्या आडोशाला धरतो आणि भरल्या भरल्या झाकण लावतो. वाऱ्यानं तिच्यात बोटभर वाळू जाऊच शकत नाही. हे सांगायला मला एक वाक्य लागलं असतं. मी ते बोललो नाही.

कारण तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. तुझी मापं काय म्हणतात? मी म्हटलं, कालपर्यंत बांध खचलेला नाही. ते खरंच होतं. आतून पोखरलेला बांध शेवटच्या घटकेपर्यंत वरून सरळ दिसतो, हेही खरं होतं, आणि खारेपाटातल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं.

"तुम डिप्लोमा होल्डर हो," साहेब म्हणाले. "वो सातवीं पास है. आज से इस बांध के इनचार्ज तुम. फॅमिली व्हिसा का ग्रेड मिलेगा. साइन करो, यल्ला, जल्दी."

माझी बायको पेणला होती. मुलगी चार वर्षांची. जन्मल्यापासून मी तिला दोनदा पाहिली होती, दुसऱ्या वेळी ती मला बघून पदराआड लपली. फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार मला आणखी पाच वर्षांत मिळाला नसता. हे सगळं मी आत्ता सांगतोय ते सबब म्हणून नाही. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, एवढंच.

वलंदेज माझ्याकडे बघत होता. तो वाद घालेल असं मला वाटलं. त्यानं घातला नाही. तो वळला, बांधावर चढला, जिथे आतून पाझर येत होता बरोबर त्याच्या वर गेला आणि दोन्ही हातांनी बेलचा वाळूत रोवला. पाय देऊन आणखी दाबला. मग परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"उपटशीत तर बांध तुझो," तो म्हणाला.

साहेबांनी विचारलं, ये क्या नाटक है? मग त्यांनी मला सांगितलं की तो बेलचा काढून टाक, चांगलं दिसत नाही. मी वर गेलो. वारा एवढा होता की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. मी बेलचा उपटला, खाली आलो, तो केबिनच्या भिंतीला टेकवला आणि तक्त्यावर सही केली.

आता पद्धतीप्रमाणे वलंदेजानं निघून जायचं होतं. त्याला गेटवर जायला सांगितलंही होतं. पण माणसं उताराकडे निघाली तशी तोही त्यांच्यात शिरला. त्यानं वाटेत दोघांना तिघांना सांगून बघितलं की जाऊ नका. त्यांना गेल्या वेळचा बुडालेला अर्धा दिवस आठवत होता. मग तो सांगायचा थांबला आणि त्यांच्याबरोबर चालत खाली गेला. मी वरून पाहिलं, खड्ड्याच्या अगदी तळाशी, बांधाकडे पाठ करून, तो एका पालथ्या बादलीवर बसला. लोकरीची टोपी तेवढी दिसत होती. सूचना ऐकत नाही म्हणून साहेबांनी वॉचमनला पाठवतो म्हटलं आणि ते फोन घ्यायला केबिनमध्ये गेले.

बांधावर मी एकटा. तासभर मी दुर्बीण लावून मापं घेत राहिलो. सगळी मापं बरोबर येत होती. भरती चढायला अजून अवकाश होता. मग मी त्याच्या खिडकीतली एक रिकामी बरणी घेतली, आतल्या बाजूनं पाझरापाशी उतरलो, वाऱ्याकडे पाठ केली, शर्टाच्या आत बरणी धरून भरली आणि झाकण लावलं.

तिथेच गुडघ्यांवर बसून मी बघत राहिलो. पाणी दुधाळ होतं. खाली लोखंडावर हातोड्यांचे आवाज येत होते. कोणीतरी गाणं म्हणत होतं. बरणीत आधी काही दिसेना, मग तळाशी एक रेघ आली, मग ती जाड झाली. सकाळच्यापेक्षा जाड. माझ्या गुडघ्यांखालची वाळू मऊ लागत होती. मी हात टेकला तर मनगटापर्यंत आत गेला.

मी वर धावलो आणि बांधावरच्या धोक्याच्या भोंग्याची दांडी फिरवली.

खाली हातोडे थांबले. माणसं मान वर करून बघायला लागली, पण कोणी हलेना. खरा की सरावाचा, ते त्यांना कळेना. खालचा मुकादम ओरडत होता की हत्यारं गोळा करा, हत्यारं टाकून जायचं नाही. तेव्हा मी वलंदेजाला उठताना पाहिलं. त्यानं बादली उचलली आणि ती लोखंडावर दाणदाण बडवायला सुरुवात केली. माणसं हत्यारं टाकून उताराला लागली. उतार एकच, अरुंद, वाळूनं निसरडा. मी भोंगा फिरवत मोजत होतो. वीस झाली. अठ्ठावीस झाली. सदतीस झाल्यावर बांधाचा माथा माझ्यापासून पन्नास पावलांवर आवाज न करता हातभर खाली बसला. मग एक पांढरी शीर आतल्या उतारावरून घसरली आणि तिच्या मागून समुद्र आला. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. वलंदेज शेवटचा, मोजणीबाहेरचा. तो वर आला तेव्हा कमरेपर्यंत भिजलेला होता आणि टोपी गेली होती. त्याचं टक्कल मी पहिल्यांदाच इतका वेळ उघडं पाहिलं.

अर्ध्या तासात खड्डा भरला. क्रेनचा नुसता शेंडा वर राहिला. माणसं बांधाच्या सुक्या टोकाला बसून होती. मग तो गाणं म्हणणारा रडायला लागला.

मला सगळ्यांनी मिठ्या मारल्या. भोंगा मी वाजवला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायची मला लाज वाटते. चौकशीला कारण लागतं. चार दिवसांनी टाइप केलेला कागद आला. त्यात लिहिलं होतं की बांधाच्या फोरमननं परवानगीशिवाय बांधाचा माथा खणला, त्यानं बांध कमकुवत झाला, आणि नव्या इनचार्जच्या प्रसंगावधानामुळे प्राणहानी टळली. एका बेलच्याच्या चिरेनं तेवढा बांध फुटत नाही, हे कागद लिहिणाऱ्यालाही कळत होतं. साक्षीदार म्हणून खाली माझं नाव टाइप केलेलं होतं. त्याच फाइलमध्ये मागे व्हिसाचा अर्ज होता. पहिली सही मी भीतीनं केली असं एक वेळ म्हणता येईल. ही दुसरी मी लोभानं केली. त्यावर आणखी काही म्हणायला मला जागा नाही.

नंतर त्याच कागदावर माझ्या सहीखाली वलंदेजाचीही सही झालेली दिसली, मराठीत. मी हादरलो. त्याला कॅम्पवर भेटायला गेलो तेव्हा तो ट्रंक बांधत होता. व्हिसा रद्द, परत यायला बंदी. सही का केली, मी विचारलं. तो चित्रांचं पुस्तक कपड्यांच्या घडीत नीट ठेवत होता.

"त्या सहीन चाळीस माणसां मेली असती," तो म्हणाला. "ह्या सहीन कोण मरूचो नाय."

एवढं बोलून त्यानं मला चहा विचारला. मी घेतला. माझी सही त्यानं कागदावर पाहिली होती, दोघांच्या सह्या एकाखाली एक होत्या. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. निघताना फक्त म्हणाला की नवा बांध घालतील तेव्हा रोज पाणी बघ, कोणावर सोपवू नको.

जानेवारीत खरा डच आला. त्याला माणसांकडून बेलच्याची हकीकत कळली होती. केबिनबाहेर तो टेकवलेला बेलचा त्यानं उचलून पाहिला आणि मला म्हणाला, आमच्या आजोबांकडून हे ऐकलं होतं, कोणी खरंच करेल असं वाटलं नव्हतं. मग विचारलं, उपटला कोणी? मी म्हटलं, वाऱ्यानं पडला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं बेलचा होता तिथे परत ठेवला.

बायको आणि मुलगी मार्चमध्ये आली. शारजात अल नहदाला एक बेडरूमचा फ्लॅट. गोदी पुरी झाली, मी दुसऱ्या कंपनीत गेलो, मोठा झालो. घरी पाहुणे आले की कोणीतरी विचारायचंच की तुम्हाला फॅमिली व्हिसा इतक्या लवकर कसा मिळाला, आणि बायको कौतुकानं म्हणायची, सांगा ना ती बांधाची गोष्ट. मी सांगायचो. एका येड्या फोरमननं बांध खणला आणि मी भोंगा वाजवला. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. पाचव्यांदा नाही अडखळली. मुलगी मांडीवर बसून ऐकायची.

ती अकरा वर्षांची असताना आम्ही सुट्टीत गोव्याला निघालो आणि मी गाडी वेंगुर्ल्याकडे वळवली. का वळवली, ते मला नीट सांगता येणार नाही. वखारीच्या मागे घर विचारलं. तो खाजणाच्या शेतात होता, भरतीचं पाणी अडवायच्या मातीच्या बांधावर. हातात नवा बेलचा, तोच आखूड दांडा. डोक्यावर साधा पंचा. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. बायकोला नमस्कार केला, शहाळी काढायला कोणाला तरी हाक मारली आणि मुलीला विचारलं की तुमच्या शारजाच्या बांधाचं काय, पाणी निवळ येतं ना.

मुलगी त्याच्याकडे बघत होती, त्याच्या हातातल्या बेलच्याकडे बघत होती. मग ती माझ्याकडे वळली आणि आपण हळू बोलतोय अशा समजुतीनं तिनं विचारलं,

"बाबा, इज ही द मॅड मॅन हू ब्रोक द वॉल?"

बायको थबकली. वलंदेजानं डिक्शनरी मांडीवर घेऊन तीस वर्षं पुस्तकं वाचलेली. तिच्या बोलण्यातला एकही शब्द त्याला अडला नाही. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला, मला नक्की आठवतंय, तो थांबला होता. मी पायाखालच्या चिखलाकडे बघत राहिलो.

"होय गो बाय," तो तिला म्हणाला, "तो मीच."

मग त्यानं तिला बांधावर नेलं आणि खेकड्यांची बिळं कशी बुजवायची ते दाखवलं. आम्ही शहाळी प्यायलो आणि निघालो. गोव्यात चार दिवस समुद्राकाठी बसलो, मी एकदाही पाण्यात गेलो नाही.

ह्याला तीन वर्षं झाली. तो अजून आहे, पत्राला उत्तर देतो, वहीतली नवी पानं उतरवून पाठवतो. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिला मराठी बोललेलं सगळं कळतं, वाचता मात्र येत नाही. तेव्हा हे मराठीत लिहिलं म्हणजे कागद घरात कुठेही पडला तरी तिला कळायचा नाही, हा हिशेब लिहायला बसतानाच माझ्या मनात होता. मी आधीपासून असाच हुशार आहे.

उद्या शुक्रवार. ती घरी असते. तिला समोर बसवून हे मी तिला वाचून दाखवणार आहे, बरणीला झाकण होतं त्या ओळीसकट.